संत पौलांची व्याजस्तुती

मिस्साबलिदानात पत्रांचे वाचन आपण एकाच सुरात करतो: गंभीर आणि संथ. त्या सुरात संत पौलांच्या लेखणीची धार बोथट होते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ते त्या मंडळीला तृप्त, श्रीमंत, राजपदाला पोहोचलेली असे म्हणतात. वाचकाने हे गोड आवाजात वाचले की भाविकांना ती प्रशंसा वाटते. वस्तुतः ती व्याजस्तुती आहे. वरून स्तुती, आतून निंदा. लगेच पुढे ते प्रेषितांना जगाचा केरकचरा ठरवतात, आणि चटका बसतो तो करिंथकरांना.

या उपरोधाचे खरे सामर्थ्य दुसऱ्या पत्राच्या १० ते १३ या अध्यायांत प्रत्ययास येते. करिंथ येथे काही नवे उपदेशक आले होते. आपले कुळ, आपली योग्यता यांचा त्यांना मोठा अभिमान. संत पौल त्यांना अतिश्रेष्ठ प्रेषित ही पदवी बहाल करतात आणि मग, मूर्खाचे सोंग घेऊन, स्वतःही बढाई मारू लागतात. पण ही बढाई कशाची? पाच वेळा खाल्लेल्या एकोणचाळीस फटक्यांची, तीनदा फुटलेल्या जहाजाची, भुकेची, थंडीची. या यादीच्या टोकाला दमास्कसचा प्रसंग येतो: राजा अरीताच्या अधिकाऱ्याच्या हातून निसटण्यासाठी त्यांना टोपलीत बसवून तटावरून खाली सोडण्यात आले. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्या वीराला सुवर्णमुकुट मिळत असे, याकडे काही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. करिंथ ही रोमन वसाहत होती. तिथल्या श्रोत्यांना ही खोच कळली असावी. इतर वीर तट चढतात, आमचा प्रेषित टोपलीतून उतरतो!

पुढे तर, तुमच्याकडून एक पैसाही घेतला नाही या ‘अन्याया’बद्दल ते करिंथकरांची क्षमा मागतात. मला हे स्थळ सर्वांत बोचरे वाटते.

संत जेरोम यांच्या पत्रांतही उपहास विपुल आहे, पण त्याची जात निराळी. तरुणपणीचा मित्र रुफिनस याच्याशी वितुष्ट आल्यावर जेरोम यांनी त्याला डुकराच्या गुरगुरण्यावरून टोपणनाव दिले आणि त्याच्या निधनानंतरही ते सोडले नाही. विद्वत्ता अफाट, शैली लखलखीत. परंतु तिथे हसू नेहमी दुसऱ्याच्या अंगावर फेकलेले असते. संत पौल स्वतःला आधी हास्यास्पद करतात. अपवाद आहे. सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःला पुरतेच कापून घ्यावे, हा गलतीकरांच्या पत्रातील उद्गार म्हणजे उघडा संताप. रविवारच्या वाचनातून तो वगळला आहे, आणि उपासनेपुरते ते योग्यच.

‘ब’ वर्षातील सामान्य काळाच्या १४व्या रविवारी मात्र दुसऱ्या पत्रातील शरीरातल्या काट्याचा उतारा तेवढाच वाचला जातो. आधीची टोपली, फटके, मूर्खाचे सोंग, काहीच कानी पडत नाही. वाचकांनी त्या आठवड्यात अकरावा अध्याय घरी एकदा मोठ्याने वाचावा. रविवारी आवाज आपोआप बदलेल.