जुनी प्रत, नवी प्रत : पुनर्मुद्रणाच्या मूल्याचा प्रश्न

मी गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही काळापूर्वी आमच्या ग्रंथालयात निर्लेखनाची यादी निघाली. त्या यादीत शासनाने प्रकाशित केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेतील चौथ्या खंडाची एक प्रत होती. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : ‘दुबार, जीर्ण’. म्हणजे त्याच खंडाची नवी प्रत कपाटात आहे. जुनी रद्दीत जाऊ द्यावी.

मी दोन्ही प्रती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चौथा खंड म्हणजे ‘रिडल्स इन हिंदुइझम’. नव्या प्रतीत राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टाच्या आरंभी इंग्रजीत एक वाक्य छापलेले आहे. त्याचा आशय असा की, येथील मतांशी शासन सहमत नाही. जुन्या प्रतीत ते वाक्य नाही. म्हणजे या प्रती दुबार नाहीत. त्या दोन वेगळ्या काळांच्या साक्षी आहेत.

हा खंड १९८७ साली निघाला. शिवसेनेने व मराठा महासंघाने या परिशिष्टाविरुद्ध गदारोळ केला, ग्रंथाची होळी झाली आणि ते परिशिष्टच वगळण्याचे घाटू लागले. त्याविरुद्ध फेब्रुवारी १९८८ मध्ये दलित संघटना आपापसांतले मतभेद बाजूला ठेवून मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. अखेर तडजोड झाली : परिशिष्ट राहील, पण शासनाच्या असहमतीची टीप त्यावर राहील. आमची जुनी प्रत त्या तडजोडीपूर्वीची. आपल्या चळवळीच्या इतिहासातला एवढा मोठा संघर्ष एका ओळीच्या असण्या-नसण्यात साठलेला आहे, आणि ती प्रत किलोच्या भावाने जाणार होती.

या प्रसंगाने मला एका प्रश्नाकडे वळवले. पुनर्मुद्रित पुस्तकाचे वय आपण कसे ओळखावे आणि त्याचे मोल कोणत्या मापाने करावे? जुन्या पुस्तकांच्या बाजाराला याचे उत्तर ठाऊक आहे. तेथे पहिली आवृत्ती श्रेष्ठ, मूळ वेष्टन असेल तर अधिक श्रेष्ठ. पुनर्मुद्रण म्हणजे दुय्यम माल. हे माप ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तकांची कपाटे आहेत त्यांनी बनवले आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आमच्या घरातले पहिले पुस्तक म्हणजे आजोबांनी नागपूरहून आणलेली, मुखपृष्ठ गळून पडलेली एक लहान पुस्तिका. आजोबांना वाचता येत नव्हते. वस्तीतला एक शाळकरी मुलगा ती वाचून दाखवी आणि विड्या वळणारी माणसे ऐकत. ती पुस्तिका कितव्या आवृत्तीची, हे त्यांना विचारण्याचे कारणच नव्हते. मला मात्र आज ते विचारावे लागते.

तिच्यावर साल नाही. पण मलपृष्ठावर किंमत ‘नये पैसे’ अशी छापली आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळाला. म्हणजे धर्मांतरानंतरच्या पहिल्या सात-आठ वर्षांतली ही छपाई. आण्यांत किंमत असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचे. संक्रमणकाळात काही प्रकाशक दोन्ही किमती देत, हे ध्यानात ठेवावे. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते पान १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. इंग्रजी पुस्तकावर ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर १९९५ च्या नामांतरानंतरचे. तेरा आकडी आयएसबीएन असेल तर सर्वसाधारणपणे २००७ किंवा नंतरचे. मराठी मजकुरात न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजाग असतील तर तो १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या वळणाचा. मात्र जुन्याच मजकुराचे जसेच्या तसे पुनर्मुद्रण असू शकते, म्हणून एवढ्या एका खुणेवर विसंबू नये.

आपल्या भागात आणखी एक खूण कामाला येते : शिक्का. ‘जि. भंडारा’ असा गोंदियाच्या वाचनालयाचा शिक्का असेल तर ते पुस्तक १ मे १९९९ पूर्वीच येथे आले असावे, कारण त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. शिक्क्यात जिल्हा भंडारा व राज्य मध्यप्रदेश असेल तर काळ १९५० ते १९५६ यांच्या दरम्यानचा. १९५४ साली बाबासाहेब भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या सुमाराचा शिक्का असलेले त्यांचे एखादे पुस्तक या मुलखात सापडले, तर मतमोजणीत न दिसणारा एक वाचक आपल्याला सापडेल.

खुणा फसवतातही. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग यांनी काढला. १९४७ साली मुंबईच्या थॅकर कंपनीने तोच ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ या नावाने पुन्हा छापला. नाव पाहून विद्यार्थी दोन ग्रंथ समजतात. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ दुसऱ्या आवृत्तीपासून ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ झाला. सर्वांत अधिक फसगत शासकीय खंडांच्या बाबतीत होते. दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानने २०१४ साली केलेल्या पुनर्मुद्रणात, पहिल्या खंडावर, मूळ प्रकाशनाची १४ एप्रिल १९७९ ही तारीखही छापलेली आहे. घाईने पाहणारा तेवढेच वाचतो आणि विकणारा तेवढेच दाखवतो. त्याखालची ओळ वाचावी. सतरा खंडांच्या वीस पुस्तकांच्या संचाची किंमत तीन हजार रुपये दिलेली दिसली की शंका उरत नाही.

वय कळले म्हणजे मोल कळले असे नाही. माझ्या मते मोल तीन प्रकारचे आहे. बाजाराचे मोल दुर्मिळतेवर ठरते. त्याबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. दुसरे मोल पाठाचे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची १९३६ ची पहिली आवृत्ती, दीड हजार प्रतींची, दोन महिन्यांत संपली. संग्राहकाला ती हवी. पण १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे ‘हरिजन’मधील लेख आणि बाबासाहेबांचे त्यांना उत्तर जोडले गेले. वाद समजून घेणाऱ्या वाचकाला दुसरी आवृत्तीच अधिक मोलाची. महात्मा फुले यांच्या ‘समग्र वाङ्मया’चेही तसेच आहे. धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेली १९६९ ची आवृत्ती आणि य. दि. फडके यांनी सिद्ध केलेली १९९१ ची सुधारित आवृत्ती यांत अभ्यासासाठी दुसरी हाती धरावी. म्हणून पहिली टाकून द्यावी काय? नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली त्याच्या तीनच वर्षे आधी फुले एका जिल्दीत मिळू लागले ते या पहिल्या आवृत्तीमुळे. त्या पिढीला कोणते फुले उपलब्ध होते, हे तीच सांगू शकते. हे तिसरे मोल, साक्षीचे.

या मोलात किमतीचाही भाग येतो. ‘अ‍ॅनिहिलेशन’ची किंमत आठ आणे होती. ती जास्त आहे, दोन आणे किंवा फार तर चार आणे असावी, असे गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले. त्यांच्या टीकेतील बाकी मुद्द्यांशी माझे भांडण आहे. परंतु ही सूचना मला रास्त वाटते. हे पुस्तक कोणाच्या हाती पोहोचणार, हा प्रश्न किमतीच्या ओळीत असतो. स्वस्त पुनर्मुद्रण हे आमच्या समाजाचे खरे ग्रंथालय आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर सतरंजीवर मांडलेली पुस्तके घेऊन परतणारा माणूस भाकरीच्या पैशातून पुस्तक घेतो. त्याच्या पुस्तकाला दुय्यम माल म्हणणारी मोजपट्टी आपण नाकारलीच पाहिजे.

पण हे नाकारताना दुसऱ्या टोकाला जाऊन, कोणतीही प्रत चालेल असे म्हणता येणार नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला. तेव्हापासून कोणीही ते छापू शकतो. ही मुक्तता स्वागतार्ह आहे. मात्र साल नाही, मूळ आवृत्तीचा उल्लेख नाही, प्रस्तावना गाळलेली, अशी पुस्तके निघाली तर गाळलेले वाचकाला कळणारही नाही. याउलट वसंत मून यांच्या संपादनाकडे पाहावे. अप्रकाशित हस्तलिखिते छापताना टंकलिखित पाने किती मिळाली, कोठे तुटली, हे प्रकरणाच्या आरंभी नोंदवलेले आहे. मांडणीबद्दल मतभेद असू शकतात. पण काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे ते वाचकापासून लपवत नाहीत. नागपूरच्या वस्तीतून आलेल्या या माणसाने संपादनाचा जो प्रामाणिक दंडक घातला, तो आज पुस्तिका काढणाऱ्या आपल्या मित्रांनीही पाळावा.

शासनाबद्दलही बोलले पाहिजे. खंड छापायचे, संपू द्यायचे आणि वर्षानुवर्षे पुन्हा छापायचे नाहीत, हा अनुभव जुना आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीची स्वतःहून दखल घेतली. नऊ लाख प्रती छापण्याचे ठरून प्रत्यक्षात सुमारे तेहेतीस हजारच छापल्या गेल्या, अशी ती बातमी होती. ग्रंथ बंदी घालूनच दडपता येतो असे नाही. तो ‘उपलब्ध नाही’ असे सांगूनही दडपता येतो. अशा वेळी विहाराच्या कपाटातली जुनी प्रत हीच एकमेव प्रत ठरते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या विहारातील, वाचनालयातील पुस्तकांची यादी करा. नुसते नाव लिहू नका. साल, आवृत्ती, प्रकाशक, छापील किंमत, शिक्का आणि कोणाच्या हातची सही आहे तेही लिहा. पुन्हा बांधणी करताना बाइंडरला मुखपृष्ठ आणि शीर्षकामागचे पान काढू देऊ नका. दोन प्रती दिसल्या तर एक टाकण्यापूर्वी दोन्ही पानोपानी ताडून पाहा.

आमच्या ग्रंथालयाच्या समितीपुढे मी दोन्ही प्रती उघडून ठेवल्या. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “सर, एका ओळीसाठी एवढा आग्रह?” मी म्हटले, त्या ओळीसाठी माणसे रस्त्यावर आली होती. प्रत यादीतून वगळली गेली. आता ती संदर्भ विभागात आहे, आणि आत मी एक चिठ्ठी ठेवली आहे : ‘नव्या प्रतीबरोबर वाचावी.’