'जडले' या शब्दाची चिकित्सा

मंडळी, जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. आज आपण त्या शीर्षकातल्या एकाच शब्दाची चिकित्सा करू: 'जडले'.

शीर्षक ऐकताच गदिमांच्या 'गीतरामायणा'तलं सीतास्वयंवराचं गाणं आठवतं. तिथे नातं जडतं ते लग्नाने. म्हणजे सोयरीक, आधी वेगळी असलेली दोन घरं नंतर जुळली. आकाशाशी आपलं नातं असं आहे का?

परभणीकडे आपण मृगात पेरतो आणि आर्द्राच्या पावसाची वाट बघतो. आर्द्रेचा तारा, म्हणजे काक्षी, सूर्याच्या पंधराएक पट वस्तुमानाचा. असे तारे इंधन उधळतात. सूर्याचं आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षं. हे मात्र कोटीभर वर्षांतच स्फोट होऊन संपतात. आर्द्रा पाऊस पाडत नाही; सूर्य त्या नक्षत्रात आला, एवढंच पंचांग सांगतं. पण पावसाच्या थेंबातला ऑक्सिजन मुख्यतः अशाच जड ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आणि स्फोटातून विखुरला. आपली पृथ्वी त्यानंतरची. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी घडतात, हे १९५७ साली नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सविस्तर मांडलं. तेव्हा हे नातं जडलेलं नाही, जन्माचं आहे.

हा फरक किरकोळ नाही. सोयरीक म्हटली की पत्रिका आलीच! खुद्द नारळीकरांनी २००८ साली पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली. मूल विशेष हुशार की बौद्धिक अपंगत्व असलेलं, हे २७ ज्योतिषांनी पत्रिकेवरून सांगायचं होतं. ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं तरी निम्मी येतात, नाही का?

मग जड ताऱ्यांचा आज आपल्यावर काहीच परिणाम नाही? आहे, पण केवढा ते बघा. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' उभी राहते आहे. दूर कुठे दोन कृष्णविवरं, म्हणजे मेलेल्या जड ताऱ्यांचे अवशेष, एकमेकांत मिसळली, की तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या बाहूत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कमी फरक पडेल. एवढ्याने कुणाचं ठरलेलं लग्न मोडत नाही.

म्हणून आमचं म्हणणं, 'जडले' हा शब्द गाण्यात शोभतो. पुस्तक वाचताना आपण तो मनातल्या मनात खोडावा. नातं तेवढं राहू द्यावं.