स्मार्ट टीव्हीची ‘संमती’ : एक टीकात्मक टिपण

डीएनएसचा तास संपला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : “सर, याने घरच्या टीव्हीवरच्या जाहिराती बंद होतील का?” थोड्याफार होतील. पण या उपायाचे जितके कौतुक होते तितके त्याला पेलत नाही, असे माझे मत आहे.

तंजावरला आमच्या घरी नवा टीव्ही आला तेव्हा पडद्यावर लांबलचक इंग्रजी मजकूर उमटला, खाली ‘सर्व मान्य’ असे ठळक बटण. सासूबाई तंजावरी मराठी बोलतात, वाचतात मात्र तमिळ. त्यांनी रिमोटचे मधले बटण दाबले आणि मालिका लावली. तमिळनाडू सरकारने २००६ पासून जे रंगीत टीव्ही फुकट वाटले, त्यांवरही जाहिराती दिसत होत्याच. पण घरात कोण काय पाहते हे सांगायला त्या संचाला परतीची वाट नव्हती. नव्या टीव्हीला ती आहे.

ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन, म्हणजे एसीआर, या तंत्रात टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे नमुने घेतो, त्यांचा ‘ठसा’ तयार करून सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथल्या साठ्याशी जुळवून कार्यक्रम ओळखला जातो. २०२४ साली काही युरोपीय व अमेरिकी संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींचे ट्रॅफिक तपासले. एचडीएमआयने दुसरे उपकरण जोडले तरी ठसे जातच होते. सेटिंगमध्ये नकार दिल्यावर ते थांबले. म्हणजे “वेगळी स्टिक लावा, टीव्हीला कळणार नाही” हा सल्ला चुकीचा आहे. टीव्ही नेटला जोडलेला असेल तर त्याला कळते, आणि स्टिक स्वतःची माहिती पाठवते ती वेगळीच.

डीएनएस-गाळणीची मर्यादा विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. ती फक्त यादीतली नावे अडवते. जाहिरात आणि व्हिडिओ एकाच नावाखालून येत असतील तर ती हतबल ठरते. उपकरणात दुसऱ्याच डीएनएसचा पत्ता कायमचा लिहिलेला असेल तर तिला विचारलेच जात नाही.

म्हणून सुरुवात सेटिंगपासून करावी. पण तिथली नावे पाहा : सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीत ‘लाइव्ह प्लस’. यात पाळत आहे हे कोणाला सुचेल? अमेरिकेत व्हिझिओने हीच सोय ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’ नावाने ठेवली होती. सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून संमतीविना माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून तडजोड केली.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दोन चांगल्या तरतुदी आहेत. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ही कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. आमच्या टीव्हीवर संमती द्यायला एक बटण पुरले. ती काढायला मला पाच मेनू उघडावे लागले, तेही इंग्रजीत.

शेवटी मी वाय-फायच तोडले. सासूबाईंच्या मालिका केबलच्या डब्यातून येतात, त्यांना इंटरनेट लागत नाही. रविवारी मुलाला यूट्यूब हवे असते तेव्हा जोडतो आणि नंतर आठवणीने पुन्हा काढतो. यूट्यूबच्या जाहिराती त्यालाही पाहाव्याच लागतात.