फुलसम

माझ्या निवृत्तीच्या समारंभात साहेब बोलायला उभे राहिले. साहेबांचं इंग्रजी म्हणजे कडक इस्त्रीचं. म्हणाले, "आज सर्वांनी यांची जी फुलसम स्तुती केली, ती यांना शोभून दिसते!" माझी छाती फुगली. फुलसम! या शब्दात आपलं फूल आहे आणि त्यांचं 'फुल'ही आहे. अंगावरची शाल मी घरी पोचेपर्यंत काढली नाही.

घरी कन्येनं डिक्शनरी पुढ्यात टाकली. "बाबा, फुलसम म्हणजे शिसारी येईल इतकी गोडगोड. खोटी."

मी चष्मा लावला. शब्द तेराव्या शतकातला. जन्मला तेव्हा बिचारा सज्जन होता. 'फुल'ला 'सम' जोडलेला, अर्थ एवढाच की विपुल. पुढे विपुलचं पुष्ट झालं, पुष्टचं अजीर्ण, आणि अजीर्णाची किळस. थेट आपल्या पंगतीतली जिलबी! पहिल्या वाढीला 'वा', तिसरीला 'पुरे', पाचवीला ताटावर आडवे हात.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, वीट. किळस घाणीची येते, तिटकारा माणसाचा येतो. वीट मात्र कालपर्यंत आवडलेल्या गोष्टीचाच येतो.

गंमत म्हणजे हल्ली खुद्द इंग्रजीभाषक मंडळीही 'फुलसम' पुन्हा 'भरघोस' या अर्थानं सर्रास वापरतात आणि डिक्शनऱ्याही दोन्ही अर्थ देतात. जुने जाणकार कपाळाला हात लावतात. माझं मत विचाराल तर मी जाणकारांच्या बाजूचा. 'भरपूर'साठी इंग्रजीत पायलीला पन्नास शब्द सापडतील. नासलेल्या स्तुतीसाठी हा एकच. तो कशाला बाटवायचा?

मग साहेबांना कुठला अर्थ अभिप्रेत होता? मी भाषणं आठवून पाहिली. माझ्या बढतीची फाइल दोन वर्षं दाबून बसलेल्या गृहस्थांनी मला 'कचेरीचा आत्मा' म्हटलं होतं. आणि उत्तराच्या भाषणात मी त्यांना? 'ऋषितुल्य'! तेव्हा साहेब चुकून का होईना, अचूक बोलले होते.

आता त्या दिवसातलं एकच वाक्य जपून ठेवलंय. निघताना आमचा शिपाई म्हणाला होता, "भाऊसाहेब, उद्यापासून चहा एक कप कमी सांगायचा, नाही का?"

त्याचा काही वीट येत नाही.