परकीयाचे भाषाज्ञान आणि फेझ नगर

पॉल बोल्स यांची ‘द स्पायडर्स हाउस’ (१९५५) ही कादंबरी मोरोक्कोतील फेझ येथील तटबंद जुन्या शहरात घडते. फ्रेंचांनी १९५३ मध्ये सुलतान पाचवे मुहम्मद यांना पदच्युत केल्यानंतरचा हा अस्वस्थ काळ होय. तिच्यातील अमेरिकन लेखक स्टेनहॅम येथे दीर्घकाळ राहिलेला असून अरबी बोलतो. तेवढ्यावरून तो फेझचा झाला असे मानणे मात्र घाईचे ठरेल. त्याला हे नगर जसेच्या तसे हवे आहे. फ्रेंच आणि राष्ट्रवादी हे दोघेही त्याला सारखेच नकोसे वाटतात, ते याचसाठी. निरक्षर अमारच्या लेखी मात्र फेझ ‘प्राचीन’ नाहीच. ते त्याचे घर आहे. अमारच्या दृष्टीतून आलेली प्रकरणे म्हणूनच अधिक सकस उतरली आहेत. (बोल्स स्वतः १९४७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, टँजियरला राहिले, हे येथे विसरता येत नाही.) एक उणीव मात्र राहतेच. अरबी शब्द मधूनमधून पेरलेले असले, तरी अमारची बोली आणि स्टेनहॅमची इंग्रजी वाचकास एकाच सपाट इंग्रजीत भेटतात. त्यांतील अंतर कानी पडत नाही. अखेरीस स्टेनहॅम मोटारीतून निघून जातो आणि अमार मागे धावत राहतो. त्या प्रसंगी दोघांमध्ये भाषेची अडचण कोणतीच नव्हती.