सुलोचना चव्हाण : लावणीगायिका की पार्श्वगायिका?

आचार्य अत्रे यांनी ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणून गौरविलेल्या सुलोचना चव्हाण यांनी फडात पायांत चाळ बांधले नाहीत. त्या लावणीकडे आल्या त्या चित्रपटातील पार्श्वगायनातून. म्हणून परंपरेत त्यांना स्थान द्यावे काय, असा आक्षेप संभवतो. तो सर्वस्वी निराधार नाही. बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकर एकच ओळ नाना अदांनी फुलवीत. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत तेवढा अवकाश कोठला? परंतु ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) या चित्रपटातील, जगदीश खेबुडकरांनी रचलेली लवंगी मिरचीची लावणी लक्षपूर्वक ऐकावी. (कोल्हापूरकरांना ती ऐकविण्याची गरज नाही.) शब्दांची फेक, स्वरातील ठसका आणि ओळ सोडतानाची लकब यांतून डोळ्यांनी पाहावयाची अदा येथे कानांना जाणवते. रंगमंचावर त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन गात. म्हणजे शृंगाराचा सारा भार गळ्यानेच पेलला. लावणीगायिका म्हणून त्यांचा अधिकार यामुळेच मान्य करावा लागतो.

‘सम्राज्ञी’ हे बिरुद मात्र खटकते. यमुनाबाईंना २०१२ मध्ये आणि चव्हाणांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु घरोघरी लावणी म्हणून ओळखला गेला तो तबकडीवरचा आवाज, आणि फडावरच्या स्त्रिया त्या ओळखीबाहेरच राहिल्या.