चित्रकथेतील नायक आणि बीडचा वाचक

चित्रकथांच्या वाचकाची अभिरुची महानायकाकडून स्वतंत्र कृतींकडे वळत आहे, असे म्हटले जाते. हे वळण म्हणजे नायकाचा त्याग नव्हे. सामर्थ्याविषयीच्या कल्पनेतील तो पालट होय.

ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला फँटम 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या (१९६४–१९९०) स्वस्त अंकांतून मराठी वाचकास 'वेताळ' म्हणून परिचित झाला. तो मर्त्यच, परंतु मुखवटा पिढ्यानपिढ्या चालत आल्याने अमर भासतो. अरण्यवासीयांचे रक्षण तो करतो; त्यांच्या वाट्यास केवळ श्रद्धा येते.

दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी चितारलेल्या 'भीमायन'मध्ये (२०११) हे नाते पालटते. शाळेत तहानलेला राहणारा बालक १९२७ साली समुदायासह महाडच्या तळ्यावर जातो. येथे ठरावीक चौकटी नाहीत. कठोर शब्दांच्या फुग्यास विंचवाची नांगी आहे. अन्याय रेषेतच प्रकट होतो.

पाणी, निवारा व प्रवास ही या ग्रंथाची तीन प्रकरणे. दरसाल कोयता घेऊन गाव सोडणाऱ्या व फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या आयुष्याचीही हीच तीन प्रकरणे होत. तथापि वेताळ मराठीत बोलला. 'भीमायन'ची मूळ संहिता इंग्रजी आहे. म्हणून या कुटुंबांतील मुलाने वेताळच पसंत केला, तर त्यास अभिरुचीचा मागासलेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. जी कृती स्वभाषेत हाती पडत नाही, तिच्याविषयी आवड वा नावड संभवतच नाही. अभिरुचीच्या चर्चेपूर्वी उपलब्धतेचा विचार अपरिहार्य आहे.